ईरप्पाची बिनआवाजाची गाडी

ईरप्पा तळवार गाडी बघत नाही, ऐकतो. अक्कलकोट नाक्यावरच्या गॅरेजात एखादं डिझेल इंजिन हट्टाला पेटलं आणि मिस्त्रीही टेकीला आला, की ईरप्पाला हाक जाते. तो बॉनेटशी कान नेतो, डोळे मिटतो, क्षणभर थांबतो आणि "तिसरा नोझल बगा" एवढं बोलून समोरच्या टपरीवर चहा प्यायला निघून जातो. मी हे तीनदा पाहिलंय. तिन्ही वेळा त्याचंच खरं निघालं.

मी दुधनीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो आणि राहतो सोलापुरात. आमच्या शाळेतली आम्ही चार माणसं अशी आहोत. विज्ञानाच्या निवेदिता मॅडम, चित्रकलेचे राठोड सर, ऑफिसातले गुरुसिद्धप्पा आणि मी. रोज सत्तर किलोमीटर जायचं, सत्तर यायचं. तेरा वर्षं आम्हाला नेतोय ईरप्पा. पुढे मी बसतो, मागे खिडकीशी मॅडम, दुसऱ्या खिडकीशी राठोड सर, आणि दोघांच्या मध्ये गुरुसिद्धप्पा, जे कुंभारी गाव यायच्या आत झोपतात आणि दुधनीच्या वेशीवर आपोआप जागे होतात.

ईरप्पा मूळचा दुधनीजवळच्याच एका खेड्यातला. घरात कानडी, बाजारात मराठी. सातवीतून शाळा सुटली ती ट्रकवर क्लीनर म्हणून चढायला. सोलापूरच्या गॅरेजात उस्तादाकडे राहिला, तिथे दखनी शिकला आणि इंजिनाची भाषाही शिकला. लग्न झालं, दोन मुली झाल्या, दोघींना शिकवलं. एक बँकेत आहे, दुसरी नर्सिंग करते. पण त्याला विचारलं, आयुष्यात काय केलंस, तर तो मुलींच्या आधी एक गोष्ट सांगतो, "तेरा वर्सात एकदापन मास्तर लोकांची हजेरी चुकवली न्हाय." पूर आला, टायर फुटलं, कुणी बंद पुकारला, तरी साडेसातच्या घंटेला आम्ही शाळेच्या फाटकात. त्याला याचा भारी अभिमान.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्याच्या गाडीला पंधरा वर्षं पुरी होणार होती. आता ती भाड्याने चालवता येणार नव्हती. नवी घेणं भाग होतं. डिझेलचीच घ्यायची हे त्याचं ठरलेलं, फक्त पांढरी घ्यायची की राखाडी एवढाच प्रश्न. मार्च महिन्यात एका सकाळी वळसंगच्या पुढे निवेदिता मॅडमनी खिडकीतून तोंड न वळवता विचारलं,

"ईरप्पा, विजेवरची का नाही घेत?"

ईरप्पा इतक्या जोरात हसला की गुरुसिद्धप्पा दचकून उठले.

"मॅडम, मोबाईल संपला तर मानूस बोलायचा थांबतो. गाडी संपली तर तुमची हजेरी जाती की!"

"ते झालं हसण्यावारी नेणं. उत्तर द्या."

"उत्तर तुमी द्या. तुमी सायन्सच्या. मला पटवून द्या, मी घेतो."

हे तो सहज बोलून गेला. पण निवेदिता मॅडम म्हणजे काय चीज आहे हे आम्हाला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं मुलांना त्याच त्या परीक्षानळ्या आणि त्याच त्या भिंगांवर शिकवणारी बाई. शाळेला मिळालेला सूक्ष्मदर्शक बिघडला तर स्वतः खोलून बसणारी. दुसऱ्या दिवशी त्या दोनशे पानी वही घेऊन गाडीत बसल्या. मुखपृष्ठावर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'ईरप्पा: डिझेल की वीज?' डोळे असे चमकत होते, जणू आजच कुणी नवी प्रयोगशाळा बांधून दिलीय.

पुढचे पंधरा दिवस आमच्या गाडीत दुसरा विषय नव्हता. ईरप्पा प्रश्न टाकायचा, मॅडम लिहून घ्यायच्या. उन्हात बॅटरी तापून फुटती का? पावसात शॉक बसतो का? ओढ्याला पाणी आलं तर? आठ वर्षांनी बॅटरी मेली तर गाडी भंगारात का? उत्तर माहीत नसलं तर त्या सरळ "माहीत नाही, विचारून सांगते" म्हणायच्या. कुणाकुणाला फोन करायच्या, कंपनीची पुस्तकं वाचायच्या. पाण्याची भीती त्यांनी खोडली. उन्हाची पुरती खोडली नाही. "सोलापूरचं ऊन बॅटरीला मानवणारं नाही," त्या म्हणाल्या. "सावलीत लावावी लागेल, आणि दुपारच्या कडक उन्हातून आल्या आल्या जलद चार्जिंग शक्यतो नको. हे विरुद्ध बाजूला लिहिते." आणि लिहिलंही. मला त्यांचं तेच आवडलं. आपल्याला जे हवंय ते सिद्ध करायला त्या निघालेल्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र ईरप्पाच्याच तोंडून निघाली. मॅडम विचारत होत्या, गाडी दिवसात किती वेळ उभी असते?

"पाच तास दुधनीत. तुमी शाळेत, मी लिंबाखाली झोपतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पाच तास? भर दिवसा? एकाच जागी?"

"व्हय."

"अहो, मग तेव्हाच चार्ज करायची! तुम्ही झोपा, गाडी जेवेल!"

गाडीत एकदम गलका झाला. राठोड सर म्हणाले शाळेचंच कनेक्शन घेऊ, मी म्हणालो परवानगी मिळायला मुलं आजोबा होतील. तेवढ्यात ईरप्पाने स्टिअरिंगवर हात मारला. "कल्लप्पा!"

कल्लप्पा हा त्याचा चुलतभाऊ. शाळेपासून हाकेच्या अंतरावर त्याची तुरीची डाळ मिल. दोन वर्षांपूर्वी त्याने मिलच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसवली होती. त्याच दुपारी आम्ही पाचही जण मिलमध्ये गेलो. डाळीच्या पिवळ्या धुळीत उभं राहून ईरप्पा कानडीत भरभर बोलला. कल्लप्पाने एकदा आमच्याकडे, एकदा पत्र्याकडे पाहिलं आणि "आयतु" म्हणाला. झालं, ठरलं. विजेचे काय ते पैसे ईरप्पा मीटर लावून देणार.

आता सगळं जुळून आल्यासारखं वाटत होतं. ईरप्पाच्याही चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी उत्सुकता दिसली. आणि नेमका परतीच्या वाटेवर त्यानेच असा प्रश्न टाकला की मॅडमचा सगळा हिशेब अडला.

वळसंगच्या आसपास हवा स्वच्छ असली की दूर होटगीच्या बाजूला वीज केंद्राची उंच चिमणी दिसते. ईरप्पाने तिकडे बोट केलं.

"मॅडम, लोकं म्हनत्यात विजेची गाडी म्हंजे धूर न्हाय. पन वीज तितनं येती. कोळसा जाळून. मग माजा धूर हितनं उटून तितं गेला, एवडंच की! मी धूर कमी केला, का नुसती त्याची जागा बदलली?"

सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न माझ्या दहावीच्या वर्गात पडला असता तर मी त्या मुलाला शाबासकी दिली असती. मॅडमनी वही उघडली, मिटली आणि म्हणाल्या, "सोमवारी सांगते."

सोमवारी त्या आल्या तेव्हा डोळे जागरणाने सुजलेले होते, पण आवाज खणखणीत. कुंभारी गाठायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"तुमची शंका खरी आहे, ईरप्पा. नुसत्या ग्रिडच्या विजेवर चालवलीत तर धूर पूर्ण जात नाही. माझ्या हिशेबाने तीन वाट्यांपैकी दोन वाटे राहतो, एक वाटा वाचतो."

"एवडंच?"

"एवढंच. आणि अजून ऐका. बॅटरी बनवतानाच कारखान्यात भरपूर धूर निघालेला असतो. म्हणजे गाडी दारात येते तीच उधारी घेऊन. ती धुराची उधारी फिटेपर्यंत तुमच्या गाडीने हवेचं काहीच भलं केलेलं नाही."

ईरप्पाचा चेहरा पडला. माझाही पडला असणार. मॅडम मात्र आता पुढे सरकून दोन सीटच्या मधे डोकं घालून बोलायला लागल्या.

"मी काल आमच्या घरच्या गाडीचा हिशेब मांडला. आमची गाडी रविवारी देवळात जाते आणि वर्षातून एकदा गावाला. वर्षाला चार हजार किलोमीटर. ती उधारी फेडायला आम्हाला पंधरा वर्षं लागतील! मी मनात म्हटलं, संपलं, ईरप्पाला नाही सांगायचं. मग तुमचे आकडे घातले. तुम्ही वर्षाला बत्तीस-तेहतीस हजार पळता. दोन वर्षांच्या आत उधारी साफ! आणि कल्लप्पाच्या पत्र्यावरची वीज अर्धी जरी वापरली, तरी वर्षभराच्या आसपास. पुढची सगळी वर्षं निव्वळ फायदा. कळतंय का? विजेची गाडी हौशी माणसाने घेऊन दारात उभी करण्यात अर्थ नाही. जी गाडी दिवसभर राबते, तीच आधी बदलायला हवी. म्हणजे तुमची!"

ईरप्पाने गिअर बदलला. मग आरशात बघून म्हणाला, "म्हंजे मॅडम, साहेब लोकांपेक्षा माजा नंबर आदी?"

"तुमचा नंबर पहिला."

त्याला ते इतकं आवडलं की त्या दिवशी दुधनीत उतरेपर्यंत तो शीळ घालत होता.

हिशेब पटला, पण हजेरीचं काय? ते प्रत्यक्ष रस्त्यावरच ठरणार होतं. सोलापुरातल्या एका शोरूममध्ये रेश्मा नावाची मुलगी विक्रीचं काम बघते. ती मॅडमची जुनी विद्यार्थिनी. तिने एका दिवसासाठी चाचणीची गाडी द्यायचं कबूल केलं. ईरप्पाने अट घातली, "थंड दिवस नको. एप्रिलचा द्या. पाच मानसं, एसी चालू, आनि येताना डिकीत कल्लप्पाकडनं डाळीचं पोतं घेनार. हरली तर हरू दे."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा बेचाळीसवर असताना, तो दिवस उजाडला. आमची शाळा सकाळचीच; पावणेसहाला आम्ही सात रस्ता चौकात उभे. गाडी आली ती कळलीच नाही. मागे वळून बघितलं तर ईरप्पा दात काढून हसत काच खाली करत होता.

"सर, हॉर्न वाजवू व्हय? का आता मलाच ओरडावं लागतंय?"

पण जवळून पाहिलं तर तो घाबरलेला होता. बॅटरीचा आकडा शंभर नव्हता, अठ्ठ्याहत्तर होता. शोरूमचा चार्जर आदल्या दिवशी दुसऱ्या गाडीला लागला होता म्हणे. मॅडमनी लगेच वही काढली. अठ्ठ्याहत्तरमध्ये जाऊन येऊन जेमतेम पुरेल, पण मिलमध्ये पाच तास मिळणारच आहेत. "चला!"

त्या सकाळचं काय सांगू? तेरा वर्षं ज्या रस्त्यावरून गेलो, तो मी पहिल्यांदा ऐकला. शेतातली टिटवी ऐकू आली. एका वस्तीवर कुणीतरी हंडा घासत होतं, तेही ऐकू आलं. राठोड सर हळू बोलले तरी पुढे कळत होतं. आणि गुरुसिद्धप्पांचं घोरणं, जे इतकी वर्षं इंजिनाखाली झाकलेलं होतं, ते आज सगळ्या गाडीत घुमलं. आम्ही हसून हसून बेजार. ते उठून म्हणाले, "काय झालं?" आणि पुन्हा झोपले.

ईरप्पा मात्र हसत नव्हता. त्याचा कान इंजिन शोधत होता. मला हळूच म्हणाला, "सर, हातपाय हायत पन छाती धडधडत न्हाय असं वाटतंय बगा." मग एक उतार लागला. त्याने सवयीने पाय उचलला आणि समोरच्या पडद्यावरचा एक काटा उलटा फिरला.

"हे काय?"

मॅडम पुढे वाकल्या. "उतारावर चाकं वीज बनवतायत. परत बॅटरीत जातेय."

"परत? म्हंजे उतारावर डिझेल टाकीत परत येतंय?"

"तसंच समजा!"

"अय्यो!" ईरप्पा लहान मुलासारखा ओरडला. "तीस वर्सं मी उतारावर ब्रेक मारून सगळं वाया घालवलं की!"

सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही दुधनीत. पंचेचाळीसचा आकडा शिल्लक. गाडी मिलच्या शेडच्या सावलीत लावली, प्लग लावला, हिरवा दिवा लागला आणि आम्ही ऐटीत शाळेत गेलो.

मधल्या सुट्टीत ईरप्पा शाळेच्या व्हरांड्यात उभा. शर्ट घामाने भिजलेला.

"मॅडम, वीज गेली. पावणेनऊलाच. तारेचं काम चाललंय, दुपारी दोनशिवाय येत न्हाय म्हनत्यात."

"पण कल्लप्पाकडे सौर आहे ना? ऊन तर आग ओकतंय!"

"तेबी बंद. कल्लप्पा म्हनतो बाहेरची लाईन गेली की हे पॅनेलबी झोपतंय."

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून साधी सौर यंत्रणा लाईन गेली की आपोआप बंद पडते. "मला हे माहीत होतं, ईरप्पा. वर्गात शिकवलंय मी. पण आपल्या हिशेबात धरलं नाही." त्यांनी तिथेच वही काढून विरुद्ध बाजूच्या पानावर ते लिहिलं.

तासाभरात भरली तेवढीच वीज. आकडा चोपन्न. सोलापूरला पुरेसा होता, तरी ईरप्पाने पोतं घेतलंच. बोललो होतो ना, म्हणाला.

साडेबाराला निघालो. मैंदर्गीच्या पुढे वाहनांची रांग. दगडाचा ट्रक पुलावर आडवा झालेला, रस्ता बंद. पोलीस आतल्या खेड्यांमधून सगळ्यांना वळवत होता. म्हणजे अठ्ठावीस किलोमीटर जास्तीचे, तेही खडबडीत रस्त्याने, समोरून तापलेला वारा. आकडा भराभर उतरू लागला. अठ्ठेचाळीस. एक्केचाळीस. चौतीस. डिझेलच्या गाडीत मी कधी काट्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माझी नजर हटेना. गुरुसिद्धप्पा चक्क जागे होते.

अक्कलकोटला पोचलो तेव्हा चोवीस. एका लॉजच्या आवारात चार्जर होता, तिथे गेलो तर एक गाडी लागलेली आणि दोन रांगेत. दीड-दोन तास तरी थांबावं लागणार. सोलापूर चाळीस किलोमीटर.

मॅडम झाडाखाली उभ्या राहून आकडेमोड करत होत्या. "आत्तापर्यंत जशी आली त्याच हिशेबाने बावीस लागतील. चोवीस आहेत. दोनच शिल्लक राहतात. ईरप्पा, मी धोका घ्या म्हणणार नाही. थांबू या."

ईरप्पाने गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला हात लावून बघितला. वारा कुठून येतोय ते पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, आत्तापर्यंत मी ती डिझेलसारखी चालवली. आता कळली. बसा."

"नक्की?"

"माज्या गाडीला एकदा टाकीला भोक पडलं हुतं. चार लिटरवर तुमाला दुधनीला पोचवलंय. तुमाला कळू दिलं न्हाय. बसा तुमी."

राठोड सर म्हणाले, "एसी बंद कर बाबा, काचा उघडू."

"एसी बंद करायचा न्हाय!" ईरप्पा जवळजवळ रागावला. "मानसं उकडून मारली तर ती गाडी काय कामाची? सव्वीसवर ठेवतो. गप बसायचं."

आणि मग जे चाळीस किलोमीटर झाले, ते मी जन्मात विसरणार नाही. ईरप्पा स्टिअरिंगवर किंचित वाकला. त्याचा उजवा पाय असा हलत होता, जणू पेडलखाली अंडं ठेवलंय. पुढचा ट्रक हळू होणार हे त्याला ट्रकच्या आधी कळत होतं, तो दूरवरूनच पाय उचलायचा, काटा उलटा फिरायचा आणि मॅडम मागून ओरडायच्या, "आली परत, आली!" चढ आला की आधीच थोडा वेग घ्यायचा, उतार आला की गाडीला मोकळं सोडायचा. एकदाही ब्रेक जोरात लागला नाही. वळसंगला सतरा. मॅडमनी भागाकार केला आणि किंचाळल्या, "एका युनिटला साडेसात किलोमीटरच्या वर जातेय! कंपनीवालेसुद्धा एवढं सांगत नाहीत!"

"कंपनीवाल्यांना चढ म्हाईत न्हायत," ईरप्पा म्हणाला. नजर रस्त्यावर.

कुंभारीला अकरा. पडद्यावर पिवळी सूचना आली, मग लाल झाली. गुरुसिद्धप्पा पुटपुटत स्वामींचं नाव घेत होते. शहराच्या तोंडाशी सिग्नल लागला. त्या एका सिग्नलला मी दोन्ही हातांनी सीट धरून बसलो होतो. हिरवा झाला. शोरूमच्या फाटकातून आत वळलो तेव्हा आकडा होता सात.

गाडीत जो आरडाओरडा झाला तो ऐकून आतून रेश्मा धावत बाहेर आली, तिला वाटलं अपघात झाला. राठोड सर ईरप्पाच्या पाठीत धपाटे घालत होते. मॅडम रडत होत्या की हसत होत्या कळेना. आणि ईरप्पा? तो खाली उतरला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि रेश्माला म्हणाला,

"ताई, डाव्या मागच्या चाकात घरघर हाय. बेरिंग बगून घ्या."

"काका, ही गाडी नवी आहे. जेमतेम तीन हजार चाललीय."

"असू दे. मला ऐकू आलं. इंजिन गप हाय ना, म्हनून तर सगळं ऐकू येतंय."

तिसऱ्या दिवशी रेश्माचा फोन आला. वर्कशॉपमध्ये चाक उघडलं होतं. बेरिंगमध्ये खरंच दोष निघाला. ईरप्पाने फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून छाती फुगवली. त्याला खरी भीती कशाची होती हे मला तेव्हा समजलं. हजेरी होतीच, पण आपला कान बिनकामाचा ठरेल ही भीती जास्त होती. ती गेली. आठवड्याच्या आत त्याने गाडी नक्की केली.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी सात रस्त्याला येऊन थांबली. बॉनेटवर झेंडूचा हार, आत उदबत्तीचा वास. पुढच्या सीटवर ईरप्पाची बायको बसली होती. पहिल्या दिवशी तिला दुधनीच्या देवीला न्यायचं होतं. मी मागे दाटीवाटीने बसलो. साडेसातची घंटा व्हायच्या आधी पंधरा मिनिटं आम्ही फाटकात.

आता वर्ष होत आलं. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. विकत घेताना गाडी महाग पडली, तिचा हप्ता चालू आहे. लग्नाच्या सीझनमध्ये त्याने नाशिकचं आणि गोव्याचं भाडं सोडून दिलं. वाटेत चार्जर शोधत बसणं त्याला नको. एकदा दुधनीत दोन दिवस लाईन नव्हती, तेव्हा त्याने आदल्या संध्याकाळीच घरी पूर्ण भरून ठेवली आणि आम्ही शाळेत असताना थेट अक्कलकोटच्या चार्जरवर जाऊन उभा राहिला. पण ऑईल नाही, नोझल नाही, डिझेलच्या रांगा नाहीत. सकाळी नाक्यावर तो उभा असतो तेव्हा शेजारच्या शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं आता गाडीच्या मागे नाक धरत नाहीत. मॅडमची वही भरलीय, दुसरी चालू आहे. त्यांच्या हिशेबाने धुराची ती उधारी या पावसाळ्याच्या सुमाराला फिटेल. तारीख पक्की झाली की पेढे वाटायचे असं राठोड सरांनी जाहीर केलंय.

मागच्या आठवड्यात दुधनीच्या स्टँडवरचा भिमा मिलमध्ये आला होता. तोही गाडीवाला, ईरप्पाहून दहा-बारा वर्षांनी लहान. भाडं मिळेल तिकडे जातो, आज हैदराबाद, उद्या कोल्हापूर. गाडीवर हात फिरवत म्हणाला, "अण्णा, मीबी घेऊ का? सगळे इचारत्यात."

मला वाटलं, आता ईरप्पा तासभर गुणगान गाणार. पण त्याने आधी विचारलं, "रोज एकाच जागी उबा असतोस का?"

"न्हाय. माजं काय ठरलेलं न्हाय."

"रात्री घरी येतोस?"

"कवा येतो, कवा न्हाय."

"मग तू थांब. हायवेवर चार्जर वाडू दे. आत्ता घेतलीस तर तू गाडीला शिव्या देशील आनि लोकं मला. ज्याच्या गाडीचा रस्ता ठरलेला, उबी राहायची जागा ठरलेली, त्या मानसानं आदी घ्यायची. तुमच्या स्टँडवर तो विरुपाक्ष हाय बग, रोज डॉक्टर लोकांना अक्कलकोटला सोडतो. त्याला पाटव माज्याकडं."

निवेदिता मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकवणाऱ्याला आयुष्यात असे क्षण फार मिळत नाहीत.

भिमा जरा हिरमुसला. ईरप्पाच्या ते लक्षात आलं. त्याने खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"घेऊ नको म्हनलं, चालवू नको न्हाय म्हनलं. चल, वेशीपतुर. पाय हळू ठेव, ही लई चपळ हाय."

भिमाने पाय हळू ठेवला नाही. गाडी अशी उसळली की मागच्या सीटवर चढून बसलेले मॅडम, राठोड सर आणि मी पाठीला चिकटलो, मॅडमचं पेन कुठेतरी उडालं, भिमाच्या तोंडून कानडीत एक लांबलचक उद्गार निघाला आणि शेजारी बसलेला ईरप्पा दोन्ही हात वर करून खदाखदा हसत ओरडला, "सांगितलं हुतं की नव्हतं!"